दे हिकडं

"दे हिकडं," मामी म्हणाली, आणि सुया माझ्या हातातून गेल्या.

माझी बोटं तशीच वाकलेली राहिली. मामीनं माझ्याकडे न बघता माझे चार टाके उसवले, तेच परत घातले, पुढची ओळही विणली आणि मगच हात थांबवले.

"बघितलंस? असं."

"शेवटचं बघितलं. मधलं दिसलं नाही."

"त्यात काय दिसायचंय? सुई आत घालायची, दोरा घ्यायचा, काढायचा. धर."

मी धरलं. डाव्या सुईवर टाके ओळीनं बसले होते. नवीन मास्तर वर्गात आला की मुलं बसतात तसे, म्हणजे वरवर गप्प. मी उजवी सुई पहिल्या टाक्यात घातली. मामीचा टाका सैल, त्यामुळे ती आत गेली. पण दोरा मी बोटाला इतका आवळून धरला होता की तो सुईबरोबर बाहेर येईना. ओढला तर निसटला. परत घेतला. या वेळी नवा टाका बाहेर यायच्या आत जुनाच सुईवरून घसरला आणि भरभर खालच्या ओळींत उतरत गेला. विणकामाला मधोमध शिडी पडली.

"दे हिकडं."

त्या हिवाळ्यात हे रोज चालायचं. साताऱ्याच्या अध्यापक विद्यालयात माझं दुसरं वर्ष होतं आणि मी मामांकडे राहत होते. मामा एस.टी.त कंट्रोलर. दिवसभर स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे आणि घरी आले तरी तोंडातला माइक निघायचा नाही. मामी घरी बसून स्वेटर विणायची. निम्म्या डेपोच्या अंगावर तिचे स्वेटर होते. दारात येऊन कुणी नुसतं उभं राहिलं तरी छाती केवढी आणि बाही केवढी हे ती नजरेनंच घ्यायची. विणताना भांडायची, भाजीवाल्याला हाका मारायची, दुधावर लक्ष ठेवायची. सुयांकडे मात्र बघायची नाही.

आम्हाला एक हस्तव्यवसाय घ्यावा लागे. घरात मामी असताना विणकाम न घेणं म्हणजे हलवायाकडे राहून उपाशी झोपण्यासारखं, असं मामा म्हणाले, म्हणून मी विणकाम घेतलं आणि पहिल्या वर्षी त्यात नापास झाले. मफलर विणायचा होता. माझा मफलर एका टोकाला चार बोटं रुंद होता आणि दुसऱ्या टोकाला पंच्यासारखा. मधे टाके कुठून वाढत गेले ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मामीनं तो उलटापालटा करून बघितला होता.

"वाढत्या अंगाचा झालाय," ती म्हणाली होती.

बाकीच्या विषयांत माझं नाव वर असे. पण विणकाम सुटल्याशिवाय सर्टिफिकेट मिळणार नव्हतं. तिकडे दहिवडीला माझे वडील, तात्या, गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दिवाळीत त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "हौसे, एवढं एक वर्ष मी पाव्हण्यांना थांबवतो. पास झालीस तर नोकरी लागेपर्यंत स्थळाचं नाव काढायचो नाही. नाही झालीस तर फलटणकर हायेत." फलटणकरांचा मुलगा बघायला आला तेव्हा त्यानं मला एकच प्रश्न विचारला होता, चुलीवरच्या भाकरी येतात का. वाईट नव्हता बिचारा. पण मला मास्तरीण व्हायचं होतं, आणि माझ्या आणि त्या नोकरीच्या मधे लहान मुलाचा एक आंब्याच्या रंगाचा स्वेटर उभा होता.

विणकामाच्या इनामदारबाई कडक. शेवटच्या आठवड्यात मुली आईकडून, मावशीकडून आयता स्वेटर विणून आणतात, हा त्यांचा जुना अनुभव. म्हणून त्यांनी एक पद्धत काढली होती. दर शनिवारी आम्ही जेवढं झालं असेल तेवढं घेऊन जायचं. बाई ते उजेडात धरून बघत, शेवटच्या ओळीच्या कडेच्या टाक्यातून शिवणाचा लाल दोरा ओवत, गाठ मारत आणि दातानं तोडत. "हा दोरा परीक्षेपर्यंत निघता कामा नये," असं प्रत्येकीला बजावत. पुढच्या शनिवारी त्या दोऱ्याच्या वर किती वाढलं ते बघत. ज्या कपड्यावर त्यांचे लाल दोरे नाहीत तो त्यांच्या लेखी विणलेलाच नव्हता.

माझं काम वाढायचं, पण रडत. पाठ झाली, पुढचा एक भाग झाला. जिथं मामीनं ओळी घातलेल्या तिथं ते मऊ आणि फुललेलं दिसे, जिथं माझ्या ओळी तिथं आवळलेलं. बाई दोरा ओवताना थांबायच्या.

"माने, इथं कुणाचा हात लागला?"

"मामींचा. टाका सुटला होता, तो उचलून दिला."

"उचलून दिला की विणून दिला?"

मी सुया गोळा करायला लागायची. मग त्या दोऱ्याची गाठ जरा जास्तच ओढून बांधायच्या.

घरी येऊन मी मामीला म्हणायची, "मामी, तुम्ही नुसतं सांगा. हात लावू नका."

"नाय लावत." आणि ती खरंच हात मांडीवर ठेवायची. मी सुई घालायची. मामीची बोटं मांडीवर चुळबुळ करायला लागायची. मी दोरा घ्यायची. मामी श्वास रोखायची. दोरा घसरायचा.

"अगं, असं काय करतीस? दे हिकडं."

एकदा मी परसात कोंबड्यांच्या खुराड्याआड जाऊन बसले. तिथं ऊन होतं आणि कुणी बघत नव्हतं. जेमतेम एक ओळ झाली असेल, तर मागून सावली पडली. मामी वाकून बघत राहिली. मला तिच्या नाकातून येणारा श्वास ऐकू येत होता. जो टाका मला कालपासून येत होता तोही सुटला.

"बघा," मी म्हणाले. "तुम्ही आलात की सुटतो."

"माझ्यामुळं? मी तर नुसती उभी हाय."

"उभ्या पण राहू नका ना."

"बरं बाई. घर माझं, कोंबड्या माझ्या, आणि मी उभं पण राहायचं नाय." ती आत गेली. मग स्वयंपाकघरातून मोठ्यानं आवाज आला, "दोरा बोटावर दोनदा घेतलायस, एकदा घे."

त्या संध्याकाळी मामांनी जेवताना तोंडापुढे तांब्या धरून पुकारा केला, "हौसाचा स्वेटर आज पण उशिरा सुटंल, प्रवाशांनी नोंद घ्यावी." मामी हसली. मला हसू आलं नाही. मी पानावरून उठले. हात धुताना मला वाटलं, जगात एवढ्या बायका विणतात, त्यांत एकीला तरी हे शब्दांत सांगता येत असेल.

संक्रांतीला तात्यांनी निरोप पाठवला म्हणून मी चार दिवस गावी गेले. विणकाम बरोबर न्यायचं माझ्या मनात होतं. पाठ, पुढचे दोन्ही भाग आणि एक बाही झाली होती. फक्त दुसरी बाही आणि जोडणी राहिली होती.

"गाडीच्या धुळीत लोकर खराब करतीस काय?" मामी म्हणाली. "ठेव हितं. पिशवीला कोण हात लावतंय?"

परत आले तेव्हा मामी दारातच उभी होती. तिचा चेहरा बघून मला वाटलं, घरात काहीतरी चांगलं घडलंय.

"आधी पाय धू. मग आत ये."

आत खाटेवर पांढरा पंचा अंथरला होता आणि त्यावर आंब्याच्या रंगाचा स्वेटर होता. पुरा झालेला. दोन्ही बाह्या, गळ्याला बारीक पट्टी, पुढं शिंपल्याची बटणं. धुऊन, ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवलेला. सगळे टाके सारखे, जणू कुणी ते आधी आखून घेतले होते. मी त्यावर हात फिरवला. कुठंही गाठ लागली नाही. कुठं शिडी नाही, भोक नाही.

खरं सांगायचं तर मला आधी आनंदच झाला. इतका की डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, सुटले. संपलं हे सगळं.

"तू गेलीस तसं काढलं बघ," मामी सांगत होती. "म्हटलं, दुसरी बाही करून ठेवावी. पण ती पयल्या बाहीशी जुळंना. म्हणून पयली उसवली. मग पाठीशी जुळंना. मग म्हटलं, एकदा सगळंच नीट करू. तुझे मामा म्हणाले, झोप आता. मी म्हटलं, लेकराचं वर्ष हाय."

मी स्वेटर उचलून कडा बघायला लागले. पाठीची कड. पुढची कड. बाहीची.

"मामी, लाल दोरे कुठायत?"

"कसले दोरे?"

"कडेला होते. गाठी मारलेले."

"ते व्हय. उसवताना अडकत होते, काढून टाकले. मला वाटलं, तू खुणंला लावलेस. आता खूण कशाला पाहिजे? झालं की पुरं."

मी खाली बसले. मामीला वाटलं, मला गाडी लागली. तिनं पाणी आणलं.

दुसऱ्या दिवशी तो स्वेटर घेऊन मी इनामदारबाईंकडे गेले. न नेऊन चालणार नव्हतं. बाईंनी तो पूर्ण उलगडला, आतली बाजू बघितली, शिवण बघितली, बटणाच्या काजात बोट घालून बघितलं.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "कुणाचा?"

"बाई, मी गावाला गेले होते. मामींनी माझ्या चांगल्यासाठी..."

"मी विचारलं, कुणाचा."

"मामींचा."

"मग त्यांना पास करू का?" त्यांनी तो घडी घालून माझ्या हातात दिला. त्या चिडल्या नव्हत्या, आणि तेच वाईट होतं. "माने, पुढच्या महिन्यात परीक्षक येतील. मी पाहिलेलं काम मी त्यांच्यासमोर ठेवते. हे मी पाहिलेलं नाही. अजून वेळ आहे. नवा विणा. नाही झाला तर पुढच्या वर्षी या."

पुढचं वर्ष म्हणजे फलटण होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

मी दुकानात गेले तर त्या रंगाची लोकर संपली होती. दुसऱ्या रंगाची होती, पण वजनात पुरेशी नव्हती. दुकानदार म्हणाला, "पुढच्या आठवड्यात माल येईल बहुतेक." त्याच्या त्या 'बहुतेक'वर थांबायची माझी तयारी नव्हती.

घरी आले तेव्हा मामी परसात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर चटईवर बसले आणि स्वेटर मधे ठेवला.

"मामी, मी हा उसवणार आहे."

तिचा हात सुपात थांबला. "उसव. तुझा हाय."

"माझा नाही, म्हणूनच."

"म्हंजे?"

"बाईंनी घेतला नाही. त्यांचे दोरे नाहीत त्याच्यावर."

"सांगायचंस ना त्यांना, चुकून निघाले म्हणून."

"चुकून एक निघतो. सगळे कसे निघतील?"

"मी तुझ्यासाठी केलं, हौसे. मान वर काढली नाय. तू पास व्हावंस म्हणून केलं."

"तुम्ही पास झालात, मामी. मी राहिले."

हे बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं. मामीनं सूप बाजूला ठेवलं. कोंबड्या सुपाजवळ आल्या तरी तिनं हाकलल्या नाहीत. मी गळ्याच्या पट्टीशी एक टोक पकडून ओढायला लागले. ते निघेना, उलट गाठ बसली. मी आणखी जोरात ओढलं.

"तिथनं नाय," मामी म्हणाली. तिनं स्वेटर जवळ घेतला, उलटा केला आणि नखानं एक गाठ सोडवून टोक माझ्या हातात दिलं. "हितनं ओढ. तिकडनं ओढशील तर गुंता होईल."

मी ओढत गेले. ओळीमागून ओळ करकर आवाज करत मोकळी होत गेली. लोकर सरळ येत नव्हती. विणल्याचं वळण तिच्यात राहिलं होतं, भिजलेल्या केसांसारखी कुरळी होती. मी ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळत गेले. मामी उठून गेली नाही. शेवटी बटणं तिनं स्वतः तोडली आणि पदराच्या टोकाला बांधली.

उसवलेली लोकर लगेच विणता येत नाही. तिची लड करून, धुऊन, खाली वजन बांधून वाळवावी लागते. तेवढं मामीनं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तारेवर तीन लड्या लोंबत होत्या आणि त्यांच्या खाली मामांची जुनी कुलपं बांधली होती.

रविवार होता. मामांना सुट्टी होती. ते उन्हात बनियनवर बसून दाढी करत होते. मी एक लड काढली. लडीचा गोल गुंडा करताना दुसऱ्या कुणीतरी ती दोन्ही हातांत ताणून धरायची असते. मामी नेहमीच्या सवयीनं माझ्यासमोर बसली, हात पुढं केले आणि मी लड तिच्या मनगटांत घातली. मग गुंडा करायच्या ऐवजी मी सुया घेतल्या आणि त्या लडीच्या टोकानंच टाके घालायला लागले.

"अगं, गुंडा कर आधी."

"नाही. असंच विणते."

"असं कुणी विणतं का? माझे हात अडकलेत की हितं."

"हो," मी म्हणाले.

मामीला कळायला क्षणभर लागला. मामांना आधी कळलं. त्यांचा वस्तरा गालावर थांबला.

"शेवंते," ते म्हणाले, "तुला मुसक्या बांधल्या लेकीनं."

मामी रागावली. तोंडभर रागावली. मी मान खाली घालून टाके घालत राहिले. प्रत्येक टाक्याला लोकर लागायची आणि ती मोकळी व्हायला मामीला मनगट कधी डावीकडे, कधी उजवीकडे कलतं करावं लागायचं. रागातही ती ते करत होती, कारण लड गुंतलेली तिला बघवायची नाही.

पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत नेहमीच्या जागी माझी सुई अडली.

"दे—" मामी म्हणाली आणि तिचे हात पुढं आले. लडीसकट आले आणि तिथंच थांबले.

"सांगा," मी म्हणाले.

"असं नाय ते. असं कर."

"असं म्हणजे कसं?"

"असं गं. असं..." तिची बोटं लोकरीत हलत होती. "सुई घाल."

"घातली."

"तशी नाय. हिकडनं."

"हिकडनं म्हणजे कुठनं? माझ्या हिकडनं की तुमच्या?"

मामीच्या कपाळावर आठ्या आल्या. आयुष्यात प्रथमच कुणी तिला हे विचारत होतं. ती स्वतःच्या अडकलेल्या हातांकडे बघायला लागली, जणू ते तिला सांगतील.

"तुम्हाला कुणी शिकवलं, मामी?"

"कुणी नाय. आमच्या शेजारी एक मिशनची बाई होती. तिचं बघून बघून आलं. तिला आपली भाषा यायची नाय." जरा थांबून ती म्हणाली, "मला तोंडानं येत नाय, हौसे."

"तोंडानं तुला येत नाय, हे मी आज पयल्यांदाच ऐकतोय," मामा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला येतं का?"

"मला विणता येत नाय. पण बघतोय ना इतकी वर्षं. मला तर ते गाडीसारखं दिसतं. गाडी डेपोत शिरली, प्रवासी घेतला, बाहेर आली, फलाट मोकळा केला. दुसरी गाडी."

मामीनं त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्या सुयांकडे. ओठ हलवून तिनं मनातल्या मनात एक टाका घातला.

"प्रवासी घेतल्याबिगर फलाट सोडतीस तू," ती एकदम म्हणाली. "तेच चुकतंय तुझं. दोरा बाहेर आला का नाय ते बघायच्या आतच जुना टाका टाकून देतीस. आधी नवा बाहेर येऊ दे. पुरा येऊ दे. मग जुन्याला सोड."

मी सुई घातली. दोरा घेतला. बाहेर काढला आणि थांबले. नवा टाका सुईवर बसला होता. मग जुना सोडला.

"आणि आवळू नको. प्रवाशाचा गळा धरलायस."

मी बोट ढिलं केलं. टाका झाला. पुढचा झाला. तिसऱ्याला परत अडले. मामी सांगायला लागली, तिला शब्द सापडेना, ती चिडली, मी चिडले. मामा मधे बोलायला गेले तर आम्ही दोघी त्यांच्यावर चिडलो. संध्याकाळपर्यंत चार बोटं पट्टी झाली. मामीचे खांदे भरून आले होते. मी लड काढायला गेले तर ती म्हणाली, "राहू दे. काढलीस तर माझ्यानं राहवणार नाय."

असं आम्ही रोज बसायला लागलो. कधी तिला सांगता यायचं, कधी अजिबात नाही. काही दिवस असे गेले की मी सुया भिंतीवर फेकल्या आणि मामी लडीसकट उठून गेली. दोरा ताणला गेला आणि परत येऊन बसावं लागलं. बाईंचे लाल दोरे एकेक करून चढत गेले. स्वेटर देखणा होत नव्हता. मामीला ते दिसत होतं. पुढचा एक भाग दुसऱ्यापेक्षा लांब झाला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले.

परीक्षक कोल्हापूरचे होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझा स्वेटर टेबलावर पसरला आणि दोन्ही बाजू जुळवून बघितल्या.

"हा घातला तर मूल एका अंगाला कलेल."

इनामदारबाईंनी पुढं होऊन कड उलटली आणि लाल दोरे दाखवले. "विणलाय हिनंच. मी खात्री देते."

"ते दिसतंच आहे," परीक्षक म्हणाले.

मग शिकवून दाखवायचा पाठ होता. निम्मे गुण त्याचे. विद्यालयाच्या शाळेतली चौथीतली एकेक मुलगी आमच्यापुढे बसवायची आणि तिला पहिले टाके शिकवायचे. माझ्या वाट्याला कौशी नावाची मुलगी आली. गवळीवाड्यातली. थंडीनं बोटं उललेली, नखात माती. तिनं सुया अशा धरल्या जणू त्या चावतील.

मी सुरुवात चांगली केली. सुईवर टाके घालून दिले, एक ओळ सावकाश विणून दाखवली आणि मग म्हणाले, "हे बघ कौशी, सुई म्हणजे गाडी. डेपोत शिरायचं, प्रवासी घ्यायचा, बाहेर यायचं, फलाट सोडायचा."

कौशी माझ्याकडे बघत राहिली.

"कळलं?"

"मी एस.टी.त बसले नाय कधी."

परीक्षक मागे उभे होते. कौशीनं आपल्या मनानं सुई खुपसली, दोरा भलतीकडून घेतला, ओढला. निसटला. तिनं परत घेतला. टाका सुईच्या टोकाशी आला, डुगडुगला. आता पडणार, पडला की शिडी होणार, पाठ इथंच संपणार आणि फलटणचा रस्ता मोकळा होणार, हे मला दिसत होतं. माझा हात पुढं गेला. "दे" एवढं तोंडातून निघालंही.

मी तो हात मागे घेतला. ठेवायला जागा नव्हती म्हणून दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले.

टाका पडला. कौशीनं खाली बघितलं, मग माझ्याकडे. मी काही केलं नाही. तिनं वाकून, जीभ बाहेर काढून, तो सुटलेला फास सुईच्या टोकानं उचलला. ते मी शिकवलेलं नव्हतं. मागे परीक्षकांनी घड्याळ बघितल्याचं मला कळलं.

कौशीनं तो फास बोटानं ताणून बघितला. मग म्हणाली, "बाई, हे दाव्यासारखंच हाय की."

"कसं?"

"आमच्या म्हशीला बांधत्यात तसं. मान आत घालायची. दावं फिरवायचं. हिकडं ओढायचं. मग खुंट्यावरनं सोडायचं." बोलता बोलता तिनं केलं. टाका सैल झाला, वाकडा झाला, पण सुईवर बसला. तिनं श्वास सोडला आणि दुसऱ्यात सुई घातली.

"तुम्ही हात का लावला नाही?" परीक्षकांनी मला हळूच विचारलं. "ती चुकत होती."

"हो. चुकत होती."

ते आणखी काही ऐकायला थांबले. माझे हात मांडीखाली बधिर झाले होते.

"स्वेटरला मी तुम्हाला जेमतेम पास करतोय," ते म्हणाले. "पाठाला तसं करणार नाही. तुम्ही शिकवा. विणू नका."

मग ते कौशीपाशी वाकले. तिचा चौथा टाका सुईच्या टोकाशी डुगडुगत होता आणि त्यांचा हात आपोआप पुढं झाला. "आण बाळ," ते म्हणाले.

कौशीनं सुया छातीशी धरल्या.

"थांबा की," ती म्हणाली. "माझं चाललंय."